एक्सेलची जेसन करायला पैसे मागतायत : द्यायचे का, आणि कशाचे?



गेला महिनाभर आपल्या इच्छापोरच्या कचेरीत एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. कुणाला सीएने सांगितलंय, 'जेसन फाइल लागेल.' कुणाला माल उचलणाऱ्या कंपनीने सांगितलंय, 'फेऱ्यांची माहिती नीट रचून पाठवा, तुमची ती रंगीबेरंगी एक्सेल आमच्या मशीनला वाचता येत नाही.' मग घरातली शिकलेली पोर मोबाइलवर शोधते. एक वेबसाइट सापडते. इकडून एक्सेल टाकली की तिकडून जेसन बाहेर. पहिल्या दोन-तीन फाइली फुकट होतात आणि पुढच्या फाइलीला पाटी येते : 'प्रो प्लान घ्या.' नाखवा कचेरीत येऊन विचारतो, 'देऊ का पैसे?'

एका-दोन बोटींच्या घराने देऊ नयेत, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. वीस-चाळीस बोटींचा हिशोब एकत्र ठेवणाऱ्याने द्यायचे की नाही, ते मात्र 'प्रो'मध्ये नक्की काय मिळतं त्यावर आहे. आज तेच बघू. थोडं लांबेल, पण यात खलाशांचे पगार अडकलेले आहेत, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी, ही 'रचलेली माहिती' म्हणजे काय? बोट धक्क्याला लागली आणि सगळी मासळी फळीवर एकत्र ओतली, तर आपल्याला बघून कळतं की हा बोंबील, ही मांदेली, ती कोळंबी. परक्या माणसाला कळणार नाही. तीच मासळी जातवार क्रेटमध्ये भरली, प्रत्येक क्रेटवर चिठ्ठी लावली – बोट कुठली, फेरी कुठली, जात कुठली, वजन किती – तर आंधळ्यालाही उचलता येते. एक्सेल ही आपल्या डोळ्यांसाठी मांडलेली रास असते. जेसन, एक्सएमएल, सीएसव्ही ही क्रेट भरायची तीन पद्धतींची नावं. सीएसव्ही सगळ्यात साधी : एक ओळ, मध्ये स्वल्पविराम. जेसनमध्ये क्रेटच्या आत क्रेट ठेवता येते. म्हणजे असं :

बोट (नोंदणी क्रमांक)
– फेरी पहिली : निघाल्याची तारीख, आल्याची तारीख, डिझेल, बर्फ
– – बोंबील, वजन
– – कोळंबी, वजन
– फेरी दुसरी : ...

बस्स, एवढंच. यात जादू नाही, आणि मशीन 'हुशारीने' काही समजून घेत नाही. चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच ती वाचते. चिठ्ठी चुकली की माल चुकला.

आता ज्यांना सरकारी कामासाठी जेसन हवी आहे, त्यांनी कुठलीही वेबसाइट शोधू नका. जीएसटीच्या पोर्टलवर 'रिटर्न्स ऑफलाइन टूल' फुकट मिळतं. एक्सेल किंवा सीएसव्ही त्यात घ्या, ते स्वतःच जेसन बनवतं, आणि पोर्टलला हवी तशीच बनवतं. ई-वे बिलांची थप्पी एकदम काढायची असेल तर त्याचंही एक्सेलचं साधन ई-वे बिलाच्या साइटवर फुकट आहे. आयकराचं ऑफलाइन रिटर्न आकारणी वर्ष २०२१-२२ पासून जेसनमध्येच जातं, आणि ते बनवणारी युटिलिटी आयकर खात्याचीच आहे, तीही फुकट. बाहेरच्या साइटवर केलेली जेसन पोर्टल बहुतेक वेळा घेतच नाही, कारण पोर्टलला चिठ्ठ्यांची नावं ठरलेली लागतात. पैसे देऊनही घेणार नाही.

(मध्येच एक : ताजी मासळी जीएसटीत करमुक्त आहे आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे. पण जी सोसायटी किंवा दुकान बर्फ, जाळी, इंजिनाचे सुटे भाग विकतं, त्यांना नोंदणीचा प्रश्न येतो. उलाढाल मोजताना करमुक्त मालही धरतात. हे आपल्या सीएला विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवू नका.)

राहिला तो खासगी उपयोग. निर्यातीचा माल घेणारे, बँकेला एकगठ्ठा पगाराची फाइल देणारे, स्वतःच्या फेऱ्यांचा वर्षाचा हिशोब लावणारे. युरोपात जाणाऱ्या मासळीला २०१० पासून कॅच सर्टिफिकेट लागतं. आपल्याकडे ते एमपीईडीएकडून निघतं. १० जानेवारी २०२६ पासून युरोपातल्या आयातदारांना ही कागदपत्रं 'कॅच' नावाच्या ऑनलाइन प्रणालीत भरावी लागतात. म्हणजे आपल्या बोटीचा नोंदणी क्रमांक, जात, वजन हे सगळं आता तिकडच्या संगणकापर्यंत जातं. माकुल भरून पाठवणारा इकडचा माणूस आपल्याकडे नीट माहिती मागतो ती उगाच नाही. त्याच्या कागदावर आपल्या बोटीचा क्रमांक एका अक्षराने चुकला तर त्याचा माल अडतो, आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्याच्या बोटीचा माल घेतो.

तर 'प्रो'मध्ये काय काय विकतात? नावं वेगवेगळी असतात, पण माल तोच असतो. आम्ही एक-एक घेतो, सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण सगळ्यांची लायकी सारखी नाही.

मोठी फाइल चालेल, जास्त ओळी चालतील. हे तर सोडूनच द्या. हिशोब करा. दहा-बारा दिवसांची फेरी धरली तर हंगामाच्या दहा महिन्यांत साधारण २५ फेऱ्या. एका फेरीत आठ जाती धरल्या तर वर्षाच्या २०० ओळी. चाळीस बोटी असल्या तरी ८,०००. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. आपल्याला मोठ्या फाइलीची गरजच नाही. फुकटच्या प्लानमध्ये ओळींची मर्यादा आडवी आली तर महिन्या-महिन्याची फाइल वेगळी करा.

एपीआय, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर त्यांच्या सॉफ्टवेअरशी आपोआप बोलेल. दर तासाला आपोआप रूपांतर होईल. कुणासाठी? आपली बोट तासाला मासळी उतरवत नाही. हजिऱ्याच्या कारखान्यांना हे लागत असेल, आपल्याला नको.

क्रेटच्या आत क्रेट, म्हणजे वर दाखवली तशी बोट-फेरी-जात अशी आतल्या-आत रचना. बऱ्याच साधनांत हे पैशाच्या प्लानमध्येच असतं. दिसायला छान. पण ज्याने माहिती मागितली त्याला फोन करून विचारा की 'सपाट यादी चालेल का, प्रत्येक ओळीत बोटीचा क्रमांक आणि फेरीचा क्रमांक पुन्हा लिहिलेली?' बहुतेकांना चालते. चालली तर हा खर्च वाचला.

मांडणी लक्षात ठेवणं. म्हणजे 'माझ्या शीटचा तिसरा रकाना म्हणजे जात, पाचवा म्हणजे वजन' हे एकदा सांगितलं की पुढच्या महिन्यात पुन्हा सांगावं लागत नाही. हे खरंच कामाचं आहे. दर महिन्याला हाताने रकाने जुळवताना एखाद दिवशी वजनाच्या जागी भाव जातो, आणि मग बसा शोधत. पण हे एक्सेलमध्येच आहे : २०१६ पासूनच्या एक्सेलमध्ये 'डेटा' मेनूत 'गेट अँड ट्रान्सफॉर्म' म्हणून आहे, त्यालाच पॉवर क्वेरी म्हणतात. एकदा पायऱ्या लावल्या की पुढच्या वेळी फक्त 'रिफ्रेश'. त्यातून जेसन थेट बाहेर पडत नाही, पण स्वच्छ सपाट यादी पडते, आणि निम्म्याहून जास्त काम तेवढ्यावर भागतं.

आता पाचवी गोष्ट, आणि आमच्या मते पैसे द्यायचेच तर फक्त हिच्यासाठी : तपासणी. म्हणजे रूपांतर करण्याआधी साधन प्रत्येक ओळ बघतं आणि सांगतं, 'ओळ ३७, वजन नाही', 'ओळ ५२, तारीख उलटी वाटते', 'ओळ ६०, खाते क्रमांकाचे आकडे कमी आहेत'. कुठल्या रकान्यात काय चालेल हे नियम तुम्ही ठरवून द्यायचे. रूपांतर तर कुणीही फुकट करतं. पण चुकीची माहिती न बोलता, न अडता, गुपचूप पलीकडे जाऊ न देणं हे फार थोडी साधनं करतात.

हे गुपचूप जाणं किती महागात पडतं, याचं मोठं उदाहरण इंग्लंडचं आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत तिथल्या आरोग्य खात्याकडे प्रयोगशाळांच्या फाइली यायच्या, त्या एक्सेलच्या जुन्या नमुन्याच्या फाइलीत भरल्या जायच्या. त्या जुन्या नमुन्यात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. पान भरलं, उरलेल्या ओळी गळून गेल्या, कुणाला कळलं नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात १५,८४१ रुग्ण यादीतून राहून गेले. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर कुणी सावध केलं नाही. त्याच वर्षी शास्त्रज्ञांच्या समितीने माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलून टाकली, कारण 'मार्च १', 'सेप्ट १' असं लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकायचं. एवढे शिकलेले लोक एक्सेलपुढे हरले, मग आपण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास का ठेवायचा?

आपल्याकडे हेच कुठे होतं ते बघा.

सगळ्यात धोक्याचा रकाना बँक खात्याचा. एक्सेल आकड्यातले फक्त पहिले १५ अंक खरे ठेवतं. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. तसा क्रमांक आकडा म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो. शेवटी ७ असेल तर ० दिसेल, आणि एक्सेल चूं करणार नाही. ज्यांच्या खात्याच्या सुरुवातीला शून्य आहे त्यांचं शून्य उडतं. हंगामाच्या तोंडावर वीस खलाशांची उचल एकगठ्ठा फाइलीने बँकेत पाठवली आणि त्यात दोन क्रमांक असे बिघडलेले असले, तर काय होईल? एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावर जमा होते, नावावर नाही. तो बिघडलेला क्रमांक कुणाचाच नसला तर पैसे परत येतील, दोन-तीन दिवस गेले एवढंच. पण तो दुसऱ्या कुणाचा निघाला तर? ओडिशातल्या नाहीतर डहाणूच्या एखाद्या घरी बाई वाट बघत बसली आहे, आणि पैसे तिसरीकडेच. एक-एक खात्याला पैसे पाठवताना आधी नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. नवीन खलाशाला पहिल्यांदा पैसे पाठवताना ती वापरा. फाइलीतल्या वीस जणांचं काम मात्र फाइल तपासूनच होतं.

आयएफएससी कोड हा दुसरा. अकरा खुणांचा कोड असतो आणि पाचवी खूण नेहमी शून्य असते. आपले लोक तिथे इंग्रजी 'ओ' अक्षर टाकतात. दिसायला सारखंच. चांगली तपासणी असलेल्या साधनात 'पाचवी खूण शून्यच हवी' असा नियम लावता येतो. हे एक्सेलच्या 'डेटा व्हॅलिडेशन'मध्येही फुकट लावता येतं, फक्त बसून लावायला हवं.

तारीख. ३ एप्रिल की ४ मार्च? संगणक अमेरिकेच्या पद्धतीवर असला तर उलटी वाचतो. महिन्याच्या १३ तारखेपासून हा गोंधळ आपोआप दिसतो, कारण तेरावा महिना नसतो. पहिल्या बारा दिवसांचा गोंधळ दिसत नाही. म्हणून तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा, किंवा आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहा. बंदीच्या काळात फेरी केल्याचं कागदावर दिसलं तर समजावत बसावं लागेल : १ जूनपासून बंदी, आणि ६ मे ची फेरी उलटी वाचली की ५ जूनची होते.

मग जोडलेले खण. आपल्याला सवय आहे, बोटीचं नाव एकदा मोठ्या अक्षरात, आठ ओळींचे खण जोडून, मधोमध. दिसायला सुंदर. रूपांतरात नाव फक्त पहिल्या ओळीला मिळतं, खालच्या सात ओळी बेवारस. प्रत्येक ओळीत बोट पुन्हा लिहा, कंटाळा आला तरी.

रंगही तसेच. लाल म्हणजे पैसे यायचे बाकी, हिरवा म्हणजे मिळाले. रूपांतरात रंग जात नाहीत. 'बाकी' असा वेगळा रकाना करा आणि शब्दात लिहा. उलट लपवलेले रकाने मात्र जातात! आपण लपवलेला उधारीचा रकाना, कुणाच्या घरच्या कर्जाची टीप, हे जेसनमध्ये उघडं पडून माल घेणाऱ्याच्या हातात जाऊ शकतं. पाठवायच्या फाइलीतून तो रकाना काढूनच टाका, लपवू नका.

शेवटची 'एकूण' ओळ. आपल्याला बेरीज, मशीनला अजून एक फेरी. सगळी मासळी दुप्पट मोजली जाते. एका घराला वर्षाचा बोंबील आपल्याच आठवणीपेक्षा बराच जास्त दिसला आणि दोन दिवस सगळे खूश होते.

वजनाच्या खणात '३ पाटी + १० किलो' असं लिहिलेलं असतं. मशीनला तो आकडा नाही, वाक्य आहे. आकडा एका रकान्यात, पाटी की किलो ते शेजारच्या रकान्यात. आणि पाटी म्हणजे किती किलो हे सोसायटीने एकदा ठरवून घ्या, कारण प्रत्येक धक्क्याची पाटी वेगळी. घोळ सापडली तर मासा आणि पोटातली पिशवी यांच्या ओळी वेगळ्या करा, भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आता तर ती गुजरातचा राज्यमासा आहे, नोव्हेंबर २०२३ पासून. मान तरी कागदावर नीट राहू दे.

आणि नावं. आपल्याकडे घरात मराठी, शाळेत गुजराती, कंपनीत इंग्रजी. एकाच बोंबलाची नोंद कुणी बोंबील करतो, कुणी बोंबिल, कुणी बुमला. पापलेटचं पॉपलेट होतं, कुठे सरंगा होतं. मशीनच्या लेखी या सगळ्या वेगळ्या जाती. इथे एक फुकटचं साधन सांगतो : ओपनरिफाइन. २०१० मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झालं, मध्ये काही काळ गूगलकडे होतं, आता सगळ्यांसाठी खुलं आहे. जवळजवळ सारखी लिहिलेली नावं ते एकत्र काढून दाखवतं आणि विचारतं, 'ही एकच का?' आपण हो म्हटलं की सगळीकडे एक नाव होतं. त्यातून जेसनही काढता येते. बोंबील-बोंबिल ते पकडेल. बोंबील आणि बुमला एकच हे त्याला कसं कळणार, ते आपल्यालाच सांगावं लागतं. म्हणून जातींची एक पक्की यादी करा, भिंतीवर लावा, त्याच्या बाहेरचं नाव शीटमध्ये लिहायचं नाही असं ठरवा. पैशाचं कुठलंही साधन ही यादी करून देणार नाही.

मराठी-गुजराती अक्षरांचं अजून एक. शीट सीएसव्ही करून ठेवताना एक्सेल दोन-तीन प्रकार दाखवतं. साधं 'सीएसव्ही' निवडलं तर नावांची प्रश्नचिन्हं होतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. जुन्या टायपिंग फॉन्टमध्ये भरलेली यादी असेल तर आधी युनिकोडमध्ये आणावी लागते, नाहीतर जेसनमध्ये कचरा निघतो. आणि आकडे इंग्रजीच टाका. जेसनमध्ये आकडा म्हणून मराठी किंवा गुजराती अंक चालत नाहीत.

यातलं बरंचसं एक्सेलच रोखू शकतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने एक सोय दिली : फाइल, ऑप्शन्स, डेटा, तिथे 'ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन'. सुरुवातीची शून्यं उडवणं, लांब आकडे १५ अंकांवर तोडणं, अक्षर-आकड्यांच्या तारखा करणं हे सगळं तिथे बंद करता येतं. नवीन मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे. जुनं एक्सेल असेल तर टाइप करायच्या आधी खाते क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' करा. आधी म्हटलं, नंतर केलं तर गेलेला अंक परत येत नाही.

आता ती गोष्ट, जी किमतीच्या पाटीवर नसते. फुकटच्या वेबसाइटवर फाइल टाकली म्हणजे ती त्यांच्या संगणकावर गेली. त्या फाइलीत काय आहे? खलाशांची नावं, आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल. हे आपलं नाही, त्यांचं आहे. त्यांनी विश्वासाने दिलंय. २०२३ मध्ये आपल्या देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी खलाशाचं आधार अनोळखी साइटवर टाकणं आम्हाला पटत नाही. मासळीची शीट टाका, हरकत नाही. माणसांची शीट ऑनलाइन साइटवर टाकायची नाही, प्रो असो की फुकट. आपल्याच संगणकावर चालणारं साधन असेल तरच. ओपनरिफाइन ब्राउझरमध्ये उघडतं पण माहिती आपल्याच संगणकावर राहते. काही कंपन्या 'ऑफलाइन डेस्कटॉप' हे प्रोचं वैशिष्ट्य म्हणून विकतात. माणसांच्या माहितीसाठी ते घ्यायला कारण आहे, तपासणीनंतर दुसरं कारण हेच.

किमतीचं बघू. समजा महिन्याला ९०० रुपये. वर १८ टक्के जीएसटी धरला तर १,०६२. वर्षाचे १२,७४४. पण आपण वर्षभर मासे मारत नाही. बंदीचे दोन महिने तरी फेरी नाही, नोंद नाही, रूपांतर नाही. म्हणजे २,१२४ रुपये बोट किनाऱ्याला ओढलेली असताना जातात. किंमत डॉलरमध्ये असेल तर कार्डाचा वरचा आकार वेगळा. म्हणून वर्षाचा प्लान 'वीस टक्के सूट' म्हणून दाखवतात तेव्हा आपले दहा महिने धरून भागा, बारा नाही. आणि आपोआप पैसे कापण्याची परवानगी देताना लक्ष ठेवा. ऑक्टोबर २०२१ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या २४ तास आधी बँकेने कळवायला हवं. तो मेसेज येतो, पण समुद्रात असलेल्या नाखवाच्या मोबाइलवर. घरी राहणाऱ्याचा क्रमांक द्या.

ज्यांच्याकडे पंधरा-वीसपेक्षा जास्त बोटींचा हिशोब आहे आणि घ्यायचा विचार पक्का होतोय, त्यांनी पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या. मुद्दाम बिघडवलेली दहा ओळींची शीट बनवा. त्यात सोळा अंकी खोटा खाते क्रमांक टाका. सुरुवातीला शून्य असलेला एक. आयएफएससीत 'ओ'. एक उलटी तारीख. एक रिकामं वजन. एका जातीची तीन नावं. 'एकूण' ओळ. जोडलेले खण. तीच ओळ दोनदा. आणि एक लपवलेला रकाना. ही शीट प्रोच्या मोफत चाचणीच्या दिवसांत त्यात टाका. किती चुका पकडल्या ते मोजा. सहा-सातपेक्षा कमी पकडल्या तर साधन कितीही सुंदर असो, सोडा. चुका पकडल्या पण कुठल्या ओळीत ते सांगितलं नाही, तरी सोडा, कारण ८,००० ओळींत आपण शोधत बसणार नाही. आणि त्यांच्या मदत खात्याला एक प्रश्न लिहून पाठवा, किती दिवसांनी उत्तर येतं ते बघा. 'प्राधान्याने मदत' हे प्रोच्या यादीत सगळ्यांकडे लिहिलेलं असतं.

परीक्षेच्या शीटमध्ये खऱ्या माणसाचा खरा क्रमांक नको, हे सांगायला नको.

दहा ओळींची ही बिघडवलेली शीट आणि जातींच्या नावांची यादी आम्ही कचेरीतल्या संगणकावर ठेवली आहे. पेन ड्राइव्ह घेऊन या, पाच मिनिटांत मिळेल. यादीत मराठी आणि गुजराती नावं शेजारी-शेजारी आहेत. तुमच्या घरात एखाद्या मासळीला वेगळं नाव असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, पुढच्या सोमवारी घालू. आणि ज्यांच्या खलाशांची उचल या आठवड्यात फाइलीने जाणार आहे, त्यांनी फाइल पाठवायच्या आधी फक्त खात्याचा रकाना पासबुकाशी एकदा ताडून बघा. मुलीला वाचायला लावा, तुम्ही पासबुक धरा.